गाडीला पाचपैकी एक

"मॅडम, आम्ही दोघंही बऱ्यापैकी कमावतो. मग महिन्याची वीस तारीख उलटली की घरात सगळे एकमेकांवर खेकसायला का लागतात?"

शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. विचारणाऱ्याला आधी वाटतं, पैसे कमी पडताहेत. मग वाटतं, हिशेब जमत नाही. शेवटी गाडी जोडीदाराच्या उधळेपणावर नाहीतर चिकटपणावर येऊन थांबते. तोवर घरात 'या महिन्यापासून काटेकोर बजेट' अशी घोषणा दोन-तीनदा होऊन मोडलेलीही असते.

अशाच एका जोडप्याबरोबरच्या आठ बैठकांचं सार इथे देतेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि काही गोष्टी इतर घरांतून आणून जोडल्यात. आकडे पैशांत दिलेले नाहीत. दोघांची मिळून महिन्याची हातात येणारी मिळकत म्हणजे शंभर भाग, असं धरलंय. मी बैठकीतही असंच करते. रक्कम समोर आली की माणसं लगेच स्वतःची तुलना दुसऱ्याशी करायला लागतात, भाग समोर आले की स्वतःच्या घराकडे बघतात.

तर या घराचे शंभर भाग असे जात होते. घराचा हप्ता ३१. गाडी १७, त्यात हप्ता ११ आणि इंधन, विमा, देखभाल मिळून ६. शाळा ९, मुलांचे क्लास ५. किराणा, वीज, पाणी, औषधं १८. विम्याचे हप्ते ३. ऑनलाइन खरेदी आणि कसलीकसली सदस्यत्वं ७. बाहेरचं खाणं ५. गेल्या सुट्टीतल्या मोठ्या सहलीचा कार्डावरचा हप्ता ५. बेरीज शंभर, बचत शून्य.

दोघांनी पन्नास-तीस-वीसचं सूत्रही करून पाहिलं होतं : मिळकतीचा निम्मा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. त्यांच्या बांधील खर्चाची, म्हणजे घर, गाडी, शाळा, किराणा-औषधं आणि विमा यांची, बेरीजच अठ्ठ्याहत्तर होती. सूत्र वाईट नाही, पण अठ्ठ्याहत्तरवर उभ्या असलेल्या माणसाला 'तू पन्नासवर असायला हवास' एवढंच सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी वही बंद करतो.

पहिल्या बैठकीत मी विचारलं, "बजेट मोडतं कधी?"

"दुसऱ्या महिन्यात," ती म्हणाली. "दर वेळी दुसऱ्याच महिन्यात."

"आणि पहिल्या महिन्यात काय काय बंद केलेलं असतं?"

"माझा गाण्याचा क्लास. याच्या सायकल ग्रुपची वर्गणी. मुलीच्या चित्रकलेच्या क्लासवरून भांडण झालं, तो कसाबसा वाचला."

"गाडी?"

तो हसला. "गाडी कशी बंद करणार? तिचा हप्ता असतो."

या एका वाक्यात बहुतेक घरांची बजेटं मोडतात. कात्री तिथेच चालते जिथे कापड मऊ असतं. हप्त्याचा खर्च एकदा ठरतो आणि मग वर्षानुवर्षं आपोआप खात्यातून जात राहतो. त्यावर पुन्हा विचार करायची वेळच येत नाही. याउलट गाण्याचा क्लास दर महिन्याला नव्यानं ठरवावा लागतो, म्हणून तो सहज कापता येतो. पण जी गोष्ट आपण दर महिन्याला नव्यानं निवडतो, ती बहुधा आवडीचीच असते. म्हणजे काटकसर करायला बसलेलं घर नेमका आनंदच कापतं, आणि तोही एकेका भागाचा. गाणं एक भाग, सायकल एक भाग. हे दोन भाग वाचवून एक महिना सगळे मन मारून राहतात आणि दुसऱ्या महिन्यात कुणीतरी रात्री अकरा वाजता फोनवरून तीन भागांची खरेदी करून मोकळं होतं. याला मी उधळपट्टी म्हणत नाही. उपाशी ठेवलेलं मन अवेळी खातं, तसंच हे.

म्हणून खर्च कमी करा, असं मी पहिल्या तीन बैठकांत म्हणतच नाही. एक कागद करायला सांगते. तो कसा करायचा ते नीट सांगते, कारण याच ठिकाणी बरेच जण घाई करतात.

मागच्या पूर्ण तीन महिन्यांचं बँकेचं आणि कार्डाचं विवरण छापून घ्यायचं. एका महिन्याचं चालत नाही, कारण कुठल्याही एका महिन्यात काहीतरी वेगळं घडलेलंच असतं आणि माणूस त्याच्या आड लपतो. आठवणीतून तर अजिबात लिहायचं नाही. आठवणीत मोठे खर्च राहतात, बारके गळून जातात. घरभाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, औषधं, वीज, विमा यांवर आधीच रेघ मारायची. औषधाला आनंदाचे गुण मागण्यात अर्थ नाही. गाडी मात्र रेघेखाली ढकलू देत नाही. वाहन गरजेचं असेलही, पण 'हेच' वाहन गरजेचं आहे का, हा प्रश्न उघडा राहिला पाहिजे.

उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे गुण द्यायचे, शून्य ते पाच. आवडलं का, असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर सगळे 'हो' देतात. विचारायचं ते हे : हा खर्च झालाच नसता तर मला ते जाणवलं असतं का? मुळीच नसतं तर शून्य. महिनाभर चुटपुट लागली असती तर पाच. गुण नोंदीला द्यायचे, गटाला नाहीत. 'बाहेरचं खाणं, तीन गुण' असं लिहिलं की सगळी माहिती वाया जाते, कारण त्याच गटात एखादी पाचाची संध्याकाळ असते आणि दहा शून्याच्या असतात.

दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं. पगाराच्या दिवशी नाही, भांडणानंतर तर नाहीच. आणि स्वतःच्या गुणांशेजारी आणखी एक रकाना : 'माझा जोडीदार याला किती गुण देईल?'

हा दुसरा रकाना या सगळ्या कामाचा कणा आहे. खर्चाला गुण देण्याची कल्पना कुणालाही सुचेल, अंदाजाचा रकाना मात्र पुष्कळ घरांचं ऐकून ऐकून मीच जोडलाय, आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे, हे लपवत नाही.

पहिल्या फेरीत दोघांचेही कागद खोटे होते. मुद्दाम नाही. तिनं न वाचलेल्या पुस्तकांना पाच दिले होते, त्यानं चार वेळाच गेलेल्या व्यायामशाळेला चार. हे नेहमी होतं. माणूस आधी 'मला जे आवडायला हवं' त्याला गुण देतो. मी कागद परत दिले आणि एकच भर घातली : गुणाशेजारी त्या खर्चाची एक आठवण लिहा, पाच-सहा शब्दांत. आठवण सुचली नाही तर गुण दोनच्या वर जाऊ शकत नाही.

व्यायामशाळा चारवरून शून्यावर आली.

चौथ्या बैठकीत दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. मी दोघांना गाडीच्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. त्याचा गुण एक. तिचा गुणही एक. आणि अंदाजाच्या रकान्यात? त्यानं तिच्यासाठी पाच लिहिले होते. तिनं त्याच्यासाठी पाच.

बराच वेळ कुणी बोललं नाही. अशा वेळी मीही बोलत नाही.

मग तो म्हणाला, "अगं, पण तुलाच हवी होती ना मोठी गाडी? मुलं सुरक्षित राहतात म्हणाली होतीस."

"मी?" ती म्हणाली. "तू शोरूममध्ये तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्यास, म्हणून म्हटलं तसं. तुझं मन मोडू नये म्हणून. मला तर ती मागे घेता येत नाही अजून. मी चालवतच नाही ती."

"मला तरी कुठे येते? दोन बाजूंना चरे पडलेत. रोज जागा शोधत वीस मिनिटं फिरतो."

हे ऐकून तिला हसू फुटलं, मग त्यालाही. हसता हसता तिचे डोळे भरून आले. अकरा भागांचा हप्ता चौतीस महिने भरला होता, एकमेकांचं मन राखण्यासाठी, आणि दोघांचंही मन त्यात नव्हतं.

याला नाव आहे. व्यवस्थापनाचे अमेरिकन अभ्यासक जेरी हार्वी यांनी १९७४ मध्ये एका लेखात आपल्याच सासरचा प्रसंग सांगितला होता. रणरणत्या उन्हात चौघंजण तासन्‌तास प्रवास करून अ‍ॅबिलीन नावाच्या गावी जेवायला जाऊन येतात आणि परतल्यावर कळतं की जायचं चौघांपैकी कुणालाच नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीच्यांना जायचंय. हार्वी म्हणतात, माणसांना मतभेद हाताळता येत नाहीत असं आपण समजतो, खरं तर त्यांना आपलं एकमतच हाताळता येत नाही. संसारात हे मी फार पाहते. खर्चावरून भांडणारी जोडपी माझ्याकडे येतात; पण त्यांना खरं खातो तो, ज्यावर कधीच भांडण झालं नाही असा खर्च.

गाडीला पाचपैकी एक मिळाला, म्हणून ती लगेच विकायला काढली असं झालं नाही. पुढच्या बैठकीत तो म्हणाला, "विकायची कशी? लोक म्हणतील यांचं काहीतरी बिनसलंय."

"म्हणाले तर?"

"वाईट वाटेल."

"किती दिवस?"

त्यानं विचार केला. "दोन आठवडे. फार तर महिना."

"आणि हप्ते किती महिन्यांचे उरलेत?"

"सव्वीस."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या बाजूची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत अजूनही मला सर्वांत कामाची वाटते, कारण ती भावनेपेक्षा त्या भावनेमागच्या वाक्याला हात घालते. 'लोकांनी आपल्याला बरं म्हणावं' ही इच्छा आहे. ती सगळ्यांना असते आणि ती असायला काही खर्च येत नाही. 'लोकांनी आपल्याला बरं म्हटलंच पाहिजे' हा हट्ट आहे, आणि या घरात त्या हट्टाचं भाडं दरमहा अकरा भाग होतं. तिच्याकडे तसंच दुसरं वाक्य होतं, 'मुलांना सगळं मिळालंच पाहिजे'. त्यातून सात वर्षांच्या मुलाचे तीन क्लास लागले होते. बजेटच्या कागदावर ज्या ओळी हलता हलत नाहीत, त्यांच्याखाली 'च' दडलेला असतो. तो शोधून बोट ठेवलं की निम्मं काम झालं.

आता गाडीबद्दल थोडं व्यवहाराचं, कारण उत्साहाच्या भरात इथे नुकसान होतं. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत कर्जापेक्षा वेगानं उतरते, त्यामुळे कर्ज अर्ध्यावर असताना विकली तर हाती आलेल्या रकमेतून कर्जही फिटत नाही, असं होऊ शकतं. म्हणून आधी कर्ज देणाऱ्याकडून आजच्या तारखेची बाकी लेखी घ्यायची, मुदतीआधी फेडण्याचं शुल्क किती ते विचारायचं, आणि निदान तीन ठिकाणांहून गाडीचा भाव काढायचा. यांचा सर्वांत चांगला भाव बाकी आणि शुल्क मिळून होणाऱ्या रकमेच्या जेमतेम वर निघाला, म्हणून विकली. तसा निघाला नसता तर सहा महिने थांबा, असंच सांगितलं असतं. मग एक छोटी, वापरलेली गाडी घेतली. वापरलेल्या गाडीच्या कर्जाला व्याजदर बहुधा जास्त असतो, म्हणून मुदत कमीत कमी ठेवली. हप्ता ३ आणि बाकी खर्च ४, मिळून गाडी सतरावरून सातवर आली.

दहा भाग मोकळे झाले. मोकळ्या भागांना लगेच नाव दिलं नाही तर ते पंधरा दिवसांत वाटेल तिकडे जिरतात. पगारवाढ जिरते तशीच. म्हणून वाटणी त्याच बैठकीत केली. पण त्याआधी बाहेरचं खाणं आणि सहल यांच्या नोंदी बघायच्या होत्या, आणि खरी शिकवण तिथे होती.

बाहेरच्या खाण्याच्या तीन महिन्यांत एकवीस नोंदी. त्यांतल्या चारच नोंदींपुढे आठवण लिहिलेली. चारही वेळा ते चौघं चालत गेले होते आणि फोन घरी होते. उरलेल्या सतरांना दोघांनीही शून्य किंवा एक. मी त्या सतरांच्या तारखा पाहिल्या. अकरा बुधवारच्या निघाल्या. बुधवारी दोघांच्याही कामावर संध्याकाळच्या बैठका असत. घरी येईपर्यंत कुणाच्या अंगात त्राण उरत नसे. म्हणजे हा जिभेचा खर्च नव्हताच, थकव्याचा होता. त्यावर 'बाहेरून मागवायचं नाही' हा नियम टिकला नसता. मंगळवारी रात्री दुप्पट स्वयंपाक करायचा आणि निम्मा बुधवारसाठी ठेवायचा, एवढंच ठरलं. सात-आठ बुधवार निभावले, बाकीचे नाही. तरी या ओळीचे पाचाचे चार झाले आणि ठरवून चालत जायच्या संध्याकाळी वाढल्या.

सहलीचं तर मुलांनीच सांगितलं. मुलांना कागदात घ्यायचं, पण बेतानं. अकरा वर्षांच्या मुलीला शंभर भाग दाखवायला हरकत नाही, प्रत्यक्ष मिळकत नको. लहान्याला फक्त विचारायचं, 'हे पुन्हा करायचं का?' मुलाला सहलीतलं काय पुन्हा करायचंय? पोहण्याचा तलाव. बाकी काही नाही. विमान नाही, प्रेक्षणीय स्थळं नाहीत. मुलीला? "रात्री आपण चौघं एकाच खोलीत झोपलो होतो ते."

आनंदाचा खर्च असा सोलून बघावा लागतो. महागड्या अनुभवातला नेमका कुठला तुकडा आपल्याला सुखावतो, ते शोधायचं. पुष्कळदा तो तुकडा वेगळा काढून फार थोडक्यात मिळतो. तलाव घराजवळही असतो. चौघांनी एका खोलीत गाद्या टाकून झोपायला तर काहीच लागत नाही; ते शुक्रवारी सुरू झालं आणि, ती म्हणाली, बंद करायला मुलं तयार नाहीत.

याचा अर्थ सहल रद्द, असा नाही. तिचे पाच भाग तसेच ठेवले, क्रम उलटा केला. आत्तापर्यंत सहल आधी आणि हप्ते नंतर बारा महिने. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये मांडलं होतं की पैसे देण्याची टोचणी उपभोगाच्या आनंदाला चिकटते. सुट्टीसारख्या गोष्टीचे पैसे आधीच देऊन झाले असतील तर ती जणू फुकट असल्यासारखी भोगता येते, आणि नंतर फेडायचे असतील तर आनंद संपल्यावरही टोचणी उरते. या घरात तेच चाललं होतं : सहल नऊ दिवसांची, टोचणी वर्षभर. चालू हप्ते संपले की तेच पाच भाग वेगळ्या खात्यात साठवायचे आणि साठतील तेवढ्यातच जायचं, असं ठरलं. यात एक वर्ष सहल हुकते. मुलांची दोन संध्याकाळी रडारड झाली, हेही सांगायला हवं.

ऑनलाइन खरेदीच्या सातांपैकी बरंचसं रात्री दहानंतरचं होतं. तिथे मी इच्छेशी कुस्ती खेळायला सांगत नाही. हवी ती वस्तू कागदावर लिहायची, तारीख टाकायची, तीन दिवसांनी अजूनही हवी असेल तर घ्यायची. फोनमध्ये साठवलेला कार्डाचा नंबर काढून टाकायचा. सोळा आकडे उठून शोधून आणावे लागले की बऱ्याच इच्छा खुर्चीतच झोपतात. सदस्यत्वांसाठी तर उलट करायचं : सगळी बंद करायची आणि ज्याची आठवण येईल तेवढंच परत सुरू करायचं. यांच्या सहापैकी दोन परत सुरू झाली. सातांचे चार झाले.

मुलाच्या तीन क्लासपैकी एक सुटला. मुलीची चित्रकला राहिली, तिला दोघांनीही पाच दिले होते. अशी सगळी मोजणी करून पंधरा भाग निघाले : गाडीचे दहा, खरेदीचे तीन, बाहेरच्या खाण्याचा एक, क्लासचा एक. वाटणी अशी. गाणं १, सायकल १. दोघांच्या हातात प्रत्येकी १, ज्याचा हिशेब दुसऱ्यानं मागायचा नाही, थट्टेतही नाही. घराच्या साफसफाईला मदत २. उरलेले ९ बचतीला.

साफसफाईच्या दोन भागांवर तिला अपराधी वाटत होतं. 'स्वतःला जमतं ते पैसे देऊन का करून घ्यायचं?' अ‍ॅशली विलन्स या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क, नेदरलँड्स या देशांतल्या हजारो लोकांना विचारून पाहिलं, तर वेळ वाचवायला पैसे घालणारे लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. पण वाचलेला वेळ कशाला लागणार, हे आधी ठरवलं पाहिजे, नाहीतर तो फोनमध्ये जातो. तिनं शनिवार सकाळ रियाजाला लावली.

बचतीबद्दल लोक विचारतात, हिला आनंदाच्या कागदात काय काम? या घरात तिचं काम फार होतं. नऊ भाग दरमहा, म्हणजे त्यांच्या आताच्या अडुसष्ट भागांच्या बांधील खर्चाचा एक महिना साठायला आठ महिने लागतात, आणि तीन महिन्यांचा साठायला दोन वर्षांच्या आसपास. मी पहिलं ध्येय एकाच महिन्याचं देते. दोन वर्षांनंतरचं ध्येय कुणाला रात्री शांत झोपवत नाही.

चौथ्या महिन्यात घसरले. शाळेची वार्षिक फी आणि गाडीचा विमा एकाच आठवड्यात आले. फोन तिचाच होता : "मॅडम, गाण्याचा क्लास बंद केलाय." पुन्हा मऊ कापड! यात माझाही हलगर्जीपणा होता. तीन महिन्यांच्या विवरणात वर्षातून एकदा येणारे खर्च दिसत नाहीत, हे मी सांगितलं होतं, पण त्यांनी त्या खर्चांची वेगळी यादी केली का हे तपासलं नव्हतं. मग बसून यादी केली : शाळेची वार्षिक फी, विमे, गाडीची सर्व्हिसिंग, कर, समारंभातल्या भेटवस्तू. बेरीज केली, बारानं भागली. दरमहा चार भाग निघाले. ते बचतीच्या नवांतून वेगळ्या खात्यात वळवले, म्हणजे आणीबाणीची बचत पाचावर आली आणि एका महिन्याचं ध्येय लांबलं. दुसरा मार्ग नव्हता. गाण्याचा क्लास दुसऱ्याच आठवड्यात परत सुरू झाला.

हे वाचून शेजारच्या घरातले भाग आपल्या कागदावर उतरवू नका. सँड्रा मॅट्झ या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ६२५ बँक ग्राहकांचे व्यवहार तपासले, तेव्हा ज्यांचा खर्च स्वतःच्या स्वभावाला जुळणारा होता ते अधिक समाधानी दिसले. या घरात गाडीला एक मिळाला. दुसऱ्या एका घरात गाडीला दोघांनीही मनापासून पाच दिले होते, आठवणी लिहायला कागद पुरला नव्हता. तिथे मी गाडीला हात लावला नाही, मोठं घर सोडून लहान घर भाड्यानं घेतलं त्यांनी.

आणि काही घरांत हा कागद काढूच नये. जिथे बांधील खर्चच मिळकतीपेक्षा जास्त आहे, तिथे आनंदाचे गुण मागणं म्हणजे जखमेवर मीठ. तिथे प्रश्न मिळकतीचा किंवा कर्जाच्या फेरआखणीचा असतो. कार्डाची थकबाकी चढत्या व्याजावर असेल तर आधी ती. तिच्या व्याजाला कुठल्याच घरात शून्याच्या वर गुण मिळालेले मी पाहिलेले नाहीत. जुगार असेल, थांबवताच न येणारी खरेदी असेल, किंवा एक जण दुसऱ्याला पैशाचा हिशेबच कळू देत नसेल, तर त्यावर वेगळं काम करावं लागतं आणि ते आधी करावं लागतं. दुसरा रकाना दोघं एकमेकांना घाबरत नसतील तरच खरा भरला जातो.

सहा महिन्यांनी गुण पुन्हा द्यायचे असतात. सुखाची सवय होते. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच हे लिहून ठेवलंय, आणि बजेटला ते तितकंच लागू आहे. आठव्या बैठकीत दोघं नवे कागद घेऊन आले. सायकलला पाच. बुधवारच्या खाण्याला अजूनही शून्य, पण नोंदी तीनच. अंदाजाच्या रकान्यात पूर्वी दोघांच्या सत्तावीस चुका होत्या, आता नऊ.

गाण्याच्या क्लासला मात्र या वेळी तिनं तीनच दिले होते. ती ओशाळली. "इतकं भांडून मिळवला आणि आता..."

"आठवण काय लिहिलीयस?" मी विचारलं.

तिनं कागद वळवून दाखवला. 'शनिवारी घरी गायले, मुलगी शेजारी चित्र काढत होती.'

"हे क्लासमधलं नाहीये," तो म्हणाला.

तिनं दोन महिने क्लासला सुट्टी द्यायचं ठरवलं. मोकळा होणारा एक भाग कुठे घालायचा, यावर मात्र एकमत होईना. तो म्हणत होता आणीबाणीच्या बचतीत, ती म्हणत होती घरी तानपुरा हवा. वेळ संपत आली होती. त्यानं कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, "चल, वाटेत बोलू. आज चालतच जायचंय."